जुना सहा, आताचा त्रेपन्न: नवापूर ते देवरी, महाराष्ट्रातला पूर्ण रस्ता

मैलदगड
सुरत–धुळे–नागपूर–रायपूर रस्त्याची माहिती इथे दहा धाग्यांत विखुरलेली आहे. ती एका जागी यावी म्हणून हा धागा. समृद्धी की जुना रस्ता हा वाद शक्यतो नको, त्यावर पुरेसं लिहून झालं आहे.

आधी क्रमांकाचं. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हा हजिरा–कोलकाता असा जो राष्ट्रीय महामार्ग ६ होता त्याचे तुकडे झाले. आपल्या राज्यातून जाणारा भाग हजिरा ते पारादीप अशा ५३ क्रमांकात गेला. ६ हा आकडा आता ईशान्येत, मेघालय–मिझोरामच्या रस्त्याला आहे. नव्या पद्धतीत पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे, उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम. म्हणून आपल्याकडे ५३ ला धुळ्यात ५२ छेदतो आणि नागपुरात ४४. ट्रकवाले मात्र अजूनही "सहा नंबर"च म्हणतात, आणि धाब्यावर रस्ता विचारायचा तर तोच शब्द चालतो.

जुन्या ६ ची एकूण लांबी १,९४९ किमी धरली जायची, त्यातले ८१३ किमी महाराष्ट्रात. दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतका नव्हता. वळणरस्त्यांमुळे आज हा आकडा जसाच्या तसा जुळणार नाही.

मार्ग पश्चिमेकडून: नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारी घाट, दहिवेल, साक्री, नेर, कुसुंबा, धुळे, फागणे, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव, नशिराबाद, भुसावळ, वरणगाव, मुक्ताईनगर, मलकापूर, नांदुरा, खामगाव, बाळापूर, अकोला, बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती, नांदगाव पेठ, मोझरी, तिवसा, तळेगाव (श्यामजीपंत), कारंजा (घाडगे), कोंढाळी, बाजारगाव, वाडी, नागपूर, मौदा, भंडारा, लाखनी, साकोली, कोहमारा, देवरी, शिरपूर आणि मग छत्तीसगडची हद्द.

नकाशा उघडून एक गोष्ट बघा. खान्देश-वऱ्हाडात हा रस्ता तापीही ओलांडत नाही आणि पूर्णाही. दोन्ही नद्यांच्या दक्षिणेनंच चालतो. त्यामुळे डोंगराकडून त्यांना मिळायला येणारी प्रत्येक उपनदी मात्र त्याला ओलांडावी लागते: गिरणा, वाघूर, नळगंगा, मन, मोर्णा, काटेपूर्णा. मधल्या नाल्यांची तर मोजदादच नाही. या रस्त्याच्या खर्चात आणि रखडण्यात पूल-मोऱ्यांचा वाटा मोठा का, याचं उत्तर यात आहे.

वऱ्हाडवाट
उत्तम सुरुवात. इतिहासाची भर घालतो.

हा एक रस्ता म्हणून कोणी बांधलेला नाही, तीन वेगवेगळ्या कारभारांतले तुकडे नंतर जोडले गेले. खान्देश १८१८ पासून मुंबई इलाख्यात. वऱ्हाड १८५३ च्या करारानं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, पण कागदोपत्री निजामाचाच राहिला. नागपूरचं राज्य त्याच सुमारास खालसा झालं. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. खान्देश आणि विदर्भ एका राज्यात आले ते थेट १९५६ साली, द्विभाषिक मुंबईत. तोवर एदलाबाद (आताचं मुक्ताईनगर) आणि मलकापूर यांच्यामधून इलाख्याची हद्द जायची. दोन्हीकडचे रस्ते बांधणारं खातं वेगळं, निधी वेगळा, प्राधान्य वेगळं.

त्याआधी, मोगलाईत, महत्त्वाची वाट पूर्व-पश्चिम नव्हतीच. बुऱ्हाणपूर हे सुभ्याचं ठाणं, त्यामुळे रहदारी बुऱ्हाणपूरहून खाली औरंगाबादकडे आणि आग्नेयेला बाळापूर-वऱ्हाडाकडे. बाळापूरला मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर किल्ला आहे आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे, ती याच वाटेच्या महत्त्वामुळे. १७२० साली निजामानं आलम अलीखानाला हरवलं ते बाळापूरजवळच.

पूर्व-पश्चिम अक्ष तयार केला रेल्वेनं. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं वऱ्हाडच्या कापसाला भाव आला होताच. खामगावची बाजारपेठ इतकी मोठी की जलंबहून खास फाटा टाकला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. पण याचा रस्त्याला फायदा झाला नाही, उलट झालं. लांबचा माल रेल्वेनं जाणार म्हटल्यावर पक्के रस्ते झाले ते गावापासून स्टेशनापर्यंत, म्हणजे रुळांना काटकोनात. रुळांना समांतर रस्त्यावर पैसा घालायला कोणी तयार नसे. नागपूरच्या पूर्वेला गोष्ट वेगळी. तिकडे रेल्वे उशिरा आली, म्हणून नागपूर–रायपूर 'ग्रेट ईस्टर्न रोड' आधी झाला. रायपूर-भिलाईत आजही त्याला जी. ई. रोड म्हणतात.

देशात 'राष्ट्रीय महामार्ग' हा वर्ग ठरला तोही नागपुरातच. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांची परिषद तिथे भरली आणि रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा, ग्रामीण अशी प्रतवारी मांडली गेली. कायदा झाला १९५६ चा, अंमल एप्रिल १९५७ पासून.

चौदाचाकी
इतिहास ठीक, आता कामाचं बोलू. गाडी पाठवणाऱ्यांसाठी चौपदरीकरणाचे टप्पे माहीत असणं गरजेचं आहे, कारण टोल, वळणरस्ते आणि रस्त्याचा दर्जा टप्प्यागणिक बदलतो.

नागपूर–कोंढाळी–तळेगाव–अमरावती हा भाग आधी चौपदरी झाला. अमरावतीच्या पश्चिमेचं काम निविदेत असं पाडलं होतं: अमरावती–चिखली किमी १६६ ते ३६०, चिखली–तरसोद ३६० ते ४२२.७, तरसोद–फागणे ४२२.७ ते ५१०, फागणे–गुजरात हद्द ५१० ते ६५०.८. हे किलोमीटर पूर्वेकडून मोजलेले आहेत, म्हणजे पश्चिमेला जाल तसा आकडा वाढतो.

इथे नेहमी घोळ होतो. हे चिखली म्हणजे बुलढाण्याजवळचं तालुक्याचं चिखली नव्हे. हे मुक्ताईनगर आणि मलकापूरच्या मधलं छोटं गाव. बातमीत "चिखलीपर्यंत काम पूर्ण" असं वाचून लोक बुलढाण्याचा रस्ता धरतात.

अमरावती–चिखली आणि फागणे–हद्द ही दोन्ही कामं मूळ कंत्राटात अर्धवट पडली. ठेका घेणारा समूह २०१८ मध्ये कर्जात बुडाला. अमरावती–चिखलीचे मग चार तुकडे करून पुन्हा निविदा काढल्या: अमरावती–कुरणखेड, कुरणखेड–शेलाड, शेलाड–नांदुरा, नांदुरा–चिखली. त्यामुळे एकाच १९४ किमीत चार हातांचं काम दिसतं. सांधे कुठे आहेत ते गाडीत बसूनही कळतं.

गिट्टी-मुरूम
सांधे कळतात कारण खालची माती तीच, पण तिच्यावरचा इलाज प्रत्येकानं वेगळा केलेला.

नांदुरा ते बडनेरा बहुतेक काळी कापसाची माती. पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये आकसून भेगा पडतात. मोकळ्या फुगवट्याचा निर्देशांक (सुटी माती पाण्यात किती फुगते याचं माप) ५० टक्क्यांवर गेला तर ती माती भरावात वापरता येत नाही, आणि इथली बरीचशी माती त्या रेषेच्या पलीकडची आहे. उपाय दोनच. एकतर ती काढून वर ५०० मिमी चांगल्या मुरुमाचा थर द्यायचा, नाहीतर ३ ते ५ टक्के चुना मिसळून दाबायची. मुरूम लांबून आणावा लागतो, म्हणून काटकसर होते ती इथेच.

बिघाड कसा दिसतो? मधोमध खड्डा पडत नाही. आधी कडेपासून अर्धा-एक मीटर आत, रस्त्याच्या लांबीच्या दिशेनं सरळ भेग जाते. कारण रस्त्याखालची माती वर्षभर साधारण सारख्याच ओलीची राहते, साइडपट्टीखालची मात्र उन्हाळ्यात सुकते आणि पावसात भिजते. दोन्हींच्या सीमेवर रस्ता फाटतो. साइडपट्टीवर बाभळी वाढू दिल्या तर त्या ओल शोषून घेतात आणि भेग आणखी लवकर येते. भेग दिसल्याबरोबर डांबर भरून बंद केली तर निभावतं. एक पावसाळा तशीच सोडली की पाणी आत जाऊन खडीचा थर बसतो, मग नुसता वरचा थर टाकून उपयोग नाही.

दुभाजकाचंही तेच. झाडांना टँकरनं पाणी घालतात, त्याचा निचरा नसेल तर ते दोन्ही बाजूंच्या आतल्या मार्गिकांखाली मुरतं. आतली मार्गिका खचलेली दिसली की आधी दुभाजकाकडे बघावं.

तापीकाठ
@गिट्टी-मुरूम, उन्हाचा मुद्दा राहिला. जळगाव-भुसावळ-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. डांबराची प्रत ठरवताना सलग ७ दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी बघतात. ३८ ते ४५ अंशांना व्हीजी-३० प्रतीचं, त्यावर व्हीजी-४०, म्हणजे जास्त घट्ट. जिथे व्हीजी-३० वर भागवलं तिथे चढावर आणि टोलनाक्याच्या अलीकडे चाकोऱ्या पडलेल्या दिसतील, कारण जड गाड्या तिथे हळू चालतात आणि एकाच जागी जास्त वेळ भार देतात.

यात ट्रकच्या भाराच्या नियमात २०१८ ला झालेल्या बदलाची भर पडली. चार टायरच्या एकेरी आसाला (अ‍ॅक्सलला) १०.२ टनांऐवजी ११.५ टन कायदेशीर झाले. आकड्यात १३ टक्के वाढ. पण रस्त्याची झीज भाराच्या साधारण चौथ्या घातानं वाढते, म्हणजे एका फेरीचं नुकसान सुमारे १.६ पट. ज्या तुकड्यांचं डिझाइन त्याआधीचं आहे, त्यांचं आयुष्य आपोआप कमी झालं. हे ओव्हरलोड न धरता!

मैलदगड
मग सलग डांबर अंथरण्याच्या त्या विक्रमाबद्दल काय म्हणाल? अमरावती–अकोला भागातला, लोणी ते मानादरम्यानचा, २०२२ चा.

गिट्टी-मुरूम
विक्रम खरा आहे आणि नियोजन म्हणून जबरदस्त आहे. ३ जून २०२२ ला सकाळी ७.२७ ला सुरू, ७ जूनला संध्याकाळी ५ ला संपला. १०५ तास ३३ मिनिटांत एका मार्गिकेचे ७५ किमी सलग. आधीचा विक्रम कतारचा, २५.२७५ किमीचा. ३६,६३४ टन मिश्रण लागलं, त्यात २,०७० टन डांबर, म्हणजे साधारण ५.६५ टक्के. या मिश्रणाला शोभेल असंच प्रमाण आहे, कुठे हात आखडलेला नाही.

पण हा वरच्या थराचा विक्रम आहे. ७५ किमी एका मार्गिकेचे, म्हणजे दोन पदरी रस्त्याचे ३७.५. अवघड भाग मिश्रण सलग पुरवण्याचा असतो: पेव्हर (मिश्रण अंथरणारं यंत्र) थांबला की तिथे आडवा थंड सांधा पडतो, आणि पुढे तोच आधी उखडतो. सलग अंथरण्याचा खरा फायदा हाच, आडवे सांधे कमी. काळ्या मातीचा प्रश्न त्यानं सुटत नाही. तो पाच थर खाली असतो.

वऱ्हाडवाट
मग काँक्रीटच करावं ना सगळीकडे? वाडी-बाजारगावकडची मंडळी नेहमी हेच विचारतात.

गिट्टी-मुरूम
काँक्रीटही मातीवरच बसतं, भाऊ. खालचा मुरूम नीट नसेल तर ३०० मिमीचा स्लॅबही मधोमध तडकतो आणि मग दुरुस्ती डांबरापेक्षा महाग पडते. अख्खा स्लॅब तोडावा लागतो.

शिवाय अकोला पट्ट्यात पाण्याची अडचण. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारट. बोअरचं पाणी चालेल असं गृहीत धरता येत नाही. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिग्रॅच्या आत हवं, बिनसळईच्या कामाला २,००० पर्यंत चालतं, सल्फेट दोन्हीकडे ४०० च्या आत. रस्त्याच्या स्लॅबमध्ये सळई फक्त सांध्यांना असते, तरी ती गंजली की सांधा जाम होतो. पूल आणि मोऱ्यांना तर हे पाणी अजिबात नको, आणि भिजवणीलाही (काँक्रीट ओलं ठेवायलाही) तेच लागू. छोट्या मोऱ्यांची कामं करणारे पोटठेकेदार शेजारच्या शेतातून पाणी घेतात. चार-सहा वर्षांनी मोरीच्या खालच्या बाजूनं तांबूस डाग आणि पापुद्रे सुटलेले दिसले की कारण शोधायला लांब जायला नको.

तापीकाठ
राखेबद्दलही लिहा. दीपनगर (भुसावळ) आणि पारस (बाळापूरजवळ) ही दोन औष्णिक केंद्रं रस्त्यालगतच आहेत. केंद्रापासून ३०० किमीच्या आतल्या रस्त्यांच्या भरावात राख वापरणं बंधनकारक आहे.

गिट्टी-मुरूम
राख चांगली आहे, हलकी असते, आणि काळ्या मातीवर हलका भराव बरा पडतो. अट एकच, तिला चहूबाजूंनी मातीचं आवरण हवं, बाजूंना मीटरभर तरी, आणि त्यावर गवत. आवरण पातळ राहिलं तर पहिल्याच जोरदार पावसात उड्डाणपुलाच्या चढाच्या कडेला घळी पडतात, राख वाहून जाते आणि वरचा कठडा अधांतरी राहतो. कठडा बाहेरच्या बाजूला कललेला दिसला तर त्या कडेला जड गाडी उभी करू नये.

चौदाचाकी
घाटाचंही सांगतो, कारण पश्चिमेला कोंडाईबारी आणि पूर्वेला मासूलकसा इथे बाहेरच्या गाड्या फसतात.

कोंडाईबारीत धुळ्याकडून सुरतेकडे जाताना उतार आहे. दहिवेल सोडल्यावर, उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्या आणि एक्झॉस्ट ब्रेक लावा. निम्म्यात आल्यावर गिअर पाडायला गेलात तर तो पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. ब्रेक सारखा दाबत राहिलं की ड्रम तापून फुगतो, लायनर पकडत नाही, शिवाय हवेचा दाबही उतरतो. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडा जातो. थांबून निवू द्या.

उन्हाळ्यात अकोला–जळगावदरम्यान टायरचं: हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. दुपारी दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका. संध्याकाळी टायर निवल्यावर तो कमी हवेवर चालतो, बाजूची भिंत जास्त वाकते, आणखी तापते आणि फुटतो.

रस्ते कुठे फुटतात: धुळ्यात ५२, वर इंदूर आणि खाली संभाजीनगर-सोलापूर. जळगावात अजिंठा चौफुलीवरून अजिंठा-संभाजीनगर. शहराबाहेरून जायचं तर पाळधी ते तरसोद वळणरस्ता. मुक्ताईनगरहून बुऱ्हाणपूर. शेगावला खामगाव किंवा बाळापूर, दोन्हीकडून जाता येतं. हैदराबादच्या गाडीला अकोल्याहून १६१, वाशीम-हिंगोली-नांदेड. पश्चिमेकडून येणाऱ्यांनी अकोल्यात शिरायचीही गरज नाही, बाळापूरहून पातूरला निघता येतं.

झाडीपट्टी
नागपूरच्या पूर्वेला कोणी येतच नाही, धाग्यातसुद्धा :)

भंडाऱ्याचा वैनगंगा पूल ते छत्तीसगड हद्द हे ८० किमीचं वेगळं काम होतं. जमीन बदलते, काळी माती संपते, भाताची शेतं आणि तलाव सुरू होतात. इथली अडचण फुगणारी माती नसून साचलेलं पाणी. जुलै ते ऑक्टोबर दोन्ही बाजूंच्या बांध्या भरलेल्या असतात, म्हणून भराव उंच ठेवावा लागतो आणि जागोजाग मोऱ्या. मोरी गाळानं बुजली की पाणी भरावातून झिरपतं आणि साइडपट्टी खचते. भातकापणीनंतर ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री बिनदिव्यांच्या चालतात, तेव्हा डावी मार्गिका जपून.

भंडाऱ्यात वैनगंगेला पूर आला की खालच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यामुळे पाणी लवकर उतरत नाही. ऑगस्ट २०२० च्या पुराला कारण वर मध्य प्रदेशातल्या धरणांचा विसर्ग होता, भंडाऱ्यात तेवढा पाऊसही नव्हता. म्हणून पावसाळ्यात फक्त स्थानिक हवामान बघून निघू नका.

साकोली ते देवरी हा नवेगाव-नागझिऱ्याचा पट्टा. व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झाला, आणि महामार्ग नवेगाव आणि नागझिरा यांच्या मधून जातो. जनावरांना एकीकडून दुसरीकडे जायचं तर रस्ता ओलांडावाच लागतो. रुंदीकरण इथे इतकं रेंगाळलं ते जंगलाच्या परवानगीपायी, आणि ते योग्यच होतं असं माझं मत. मासूलकशाच्या भागात रात्री वेग कमी ठेवा आणि रस्त्यालगत गाडी उभी करून जेवणाचं उरलंसुरलं फेकू नका. त्यावर माकडं, रानडुकरं येतात आणि त्यांच्यामागे बिबटे.

मैलदगड
छान भर पडली. टोलबद्दल विचारणा आली आहे: कारसाठी १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला (तेव्हा ३,००० रुपयांचा) वार्षिक फास्टॅग पास (२०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते) राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, म्हणजे ५३ वर चालतो. समृद्धी राज्याच्या महामंडळाची, तिथे तो चालत नाही. नागपूर–अमरावतीला रोज जा-ये करणाऱ्यांनी हिशेब करताना हे धरावं.

चौदाचाकी
आणि गाडी बंद पडली तर १०३३, महामार्गाची मदतवाहिनी. फोनवर गाव सांगून भागत नाही, एकाच नावाची चार गावं असतात. कडेच्या दगडावरचा किलोमीटर आकडा सांगा आणि कुठली बाजू ते सांगा, नागपूरकडे जाणारी की धुळ्याकडे. चौपदरीवर क्रेन उलट्या बाजूला आली तर पुढच्या यू-टर्नपर्यंत जाऊन परत यावं लागतं. जुने दगड आणि नवे दगड दोन्ही उभे असतील तिथे दुभाजकाजवळच्या नव्या हिरव्या फळीवरचा आकडा द्या.